उन्हाला घातलेली विमानं

"नारळ फोडायचा तरी कुठं, आप्पा? खोक्यावरच हाणू का? आतलं इमान उडायच्या आधीच खाली बसायचं!"

आपल्याच विनोदावर बिरदेव पोट धरून हसला. एकतीस वर्षं एसटी चालवून त्याचा आवाज इंजिनाच्या वरताण झाला होता. हळू बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं. आप्पासोंनी त्याच्या हातातला नारळ काढून घेतला, अंगणातल्या पायरीवर आपटला आणि पाणी चटईभोवती शिंपडलं. चटईवरच्या खोक्यावर मात्र एक थेंब पडू दिला नाही. वडूजच्या डेपोत नवी गाडी आली की असाच नारळ फुटायचा, आणि तो फोडायचा मान हेड मेकॅनिक म्हणून बरीच वर्षं आप्पासोंचा होता. मग आज तर त्यांचं स्वतःचं विमान निघायचं होतं. चौतीस वर्षांनी.

विमान खेळण्यातलंच, पण त्याला खेळणं म्हटलेलं आप्पासोंना खपत नसे. खऱ्या विमानाची मापात केलेली बारीक नक्कल असते ती. सुटे भाग खोक्यात येतात. सोबतचे नकाशे बघून एकेक भाग कापायचा, घासायचा, चिकटवायचा, रंगवायचा, की वीतभर विमान तयार. अशी बत्तीस खोकी त्यांच्या माळ्यावर होती आणि त्यातलं एकही विमान आजवर तयार झालेलं नव्हतं. ही गोष्ट गावभर झालेली. कुणाचं घर बांधायचं रखडलं, कुणाच्या पोराचं लग्न जमेना, की पेठेतले लोक खुशाल म्हणायचे, "व्हतंय की! आप्पांचं इमान उडालं की तुझंबी व्हतंय."

आप्पासो हसण्यावारी न्यायचे. त्यांना विमान कधी चावलं, हे पेठेतल्या कुणाला ठाऊक होतं?

त्यांचे वडील हरिबा मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की कळप घेऊन नदीकाठच्या मुलखात उतरायचं, लोकांच्या रानात मेंढरं बसवायची, आणि लेंडीखताच्या बदल्यात मिळेल ते धान्य घेऊन पुढच्या रानात जायचं. एका साली कराडच्या धावपट्टीजवळच्या रानात पाल पडलं होतं. आप्पासो तेव्हा आठ-नऊ वर्षांचे असतील. भर दुपारी दोन माणसांचं, पुढं एकच पंखा असलेलं विमान डोक्यावरून इतकं खाली आलं, की आत बसलेल्या माणसाची टोपी दिसली. मेंढरं उधळली, कोकरं चारी दिशांना पळाली, हरिबा काठी घेऊन त्यांच्यामागं धावले, आणि त्यांचा लेक तोंड उघडं टाकून जागेवरच उभा. संध्याकाळी त्याबद्दल पाठीत दोन रट्टे बसले. रट्टे विसरले; टोपी विसरली नाही.

पुढं एसटीत लागल्यावर एकदा दापोडीला आठवड्याच्या ट्रेनिंगला गेले असताना पुण्यात कॅम्पातल्या एका दुकानाच्या काचेत तेच विमान दिसलं. तसंच, एका पंख्याचं. घेतलं आणि खोलीवर येऊन झाकण काढलं, तर आत विमान नाहीच. द्राक्षाच्या घडाला मणी असावेत तसे चौकटींना लागलेले प्लॅस्टिकचे पांढरे भाग एका बंद पारदर्शक पिशवीत, आणि एक घडी घातलेला मोठा कागद. दुसरा कुणी असता तर फसलो म्हणून परत द्यायला गेला असता. आप्पासोंनी कागद उलगडला आणि रात्रीचं जेवण विसरले. नुसते आकडे आणि बाण. एक अक्षर इंग्रजी न वाचता सगळं कळत होतं. एवढा स्वच्छ नकाशा डेपोत त्यांना जन्मात मिळाला नव्हता.

तेव्हापासून पुण्याला कामानिमित्त गेलं की एक खोकं यायचं. अलीकडं लेक सोनिया सांगलीहून फोनवर मागवून द्यायची. सुट्टीच्या वारी दुपारी आप्पासो माळ्यावरून एक खोकं काढत, नकाशा मांडीवर पसरत आणि मनातल्या मनात पहिल्या आकड्यापासून शेवटच्यापर्यंत विमान जोडत. आतली पिशवी फोडायची नाही. मग सगळं होतं तसं घडी घालून परत वर. पोरं लहान हायत, गिळत्याल. सोनियाचं लगीन होऊ द्या. रिटायर झाल्यावर निवांत बसू. कारणं काय, मागितली तेवढी मिळतात. खरं कारण त्यांचं त्यांना माहीत होतं. जोडलेली प्रत्येक गोष्ट एक ना एक दिवस मोडून दारात येते, हे त्यांनी डेपोत रोज पाहिलं होतं. दिवसभर खिळखिळ्या झालेल्या गाड्या उघडायच्या आणि घरी येऊन हे अजून काहीच बिघडलेलं नाही असं काहीतरी बघायचं. आपल्या हातून पहिलाच काप चुकला तर? त्या भीतीनं चौतीस वर्षं गेली.

मग डोळ्यांत मोतीबिंदू आला. सांगलीला सोनियाकडं राहून दोन्ही डोळे करून घेतले. पट्टी बांधून पडले असताना आप्पासोंना पहिल्यांदा वाटलं, उद्या नजरच गेली, हातच गेले, तर ही बत्तीस खोकी एक दिवस भंगारवाला घेऊन जाईल. आपण एकही विमान न करता जायचं? त्यांनी तिथंच सोनियाला सांगितलं, "गेल्या गेल्या पयलं खोकं काढतो." डॉक्टरांनी बारीक काम महिनाभर बंद ठेवलं होतं. तो महिना आज संपला होता, म्हणून हा नारळ.

हरणाबाई उंबऱ्यात हळदकुंकवाची वाटी घेऊन उभ्या होत्या. नवऱ्याला ही खोकी कशाला लागतात, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. खंडेनवमीला पान्हे आणि हातोड्या पुजताना त्या न चुकता माळ्यावरच्या खोक्यांनाही झेंडूचं एकेक फूल वाहायच्या. त्यांच्या लेखी तीही नवऱ्याची हत्यारंच. त्यांनी पुढं होऊन खोक्याला कुंकू लावलं.

"आन निवांत काढा आता," त्या कौतुकानं म्हणाल्या. "कसर न्हाई लागल्याली एकाबी खोक्याला. तुमी सांगलीला व्हता तवा समद्यास्नी ऊन दिलंय म्या."

आप्पासोंचा हात झाकणावरच थांबला. "ऊन?"

"मग! पावसाच्या आत दाण्याला देतो, गोधड्यास्नी देतो, तसं ह्यास्नीबी दिलं. कुरडया घातल्या तवाच गच्चीवर पत्रा हातरला न् पिशव्या मांडल्या. चार दिस चांगलं खडखडीत. ज्याचं झाकाण त्याच्या शेजारी ठेवलं, मिसळाय नगं म्हणून. वाऱ्यानं जात्याल म्हणून वर येक येक दगूड. समद्या बत्तीस."

चैत्रातलं वडूजचं ऊन आणि त्यात तापलेला पत्रा. आप्पासोंनी जन्मभर गाड्यांचे तापलेले पत्रे हाताळले होते. आत काय असणार, हे त्यांना झाकण काढायच्या आधीच कळलं. तरी त्यांनी ते काढलं.

दोन्ही पंखांना बाक आला होता. विमानाचं पोट दगडाच्या वजनानं एका बाजूनं चेपलं होतं, आणि एवढुशी चाकं चौकटीला तशीच लटकून लांबुळकी झाली होती.

"आयला आप्पा, ह्ये तर समदं..." बिरदेवनं तोंड उघडलं आणि आप्पासोंनी त्याचा गुडघा दाबला.

"काय झालं?" हरणाबाईंनी विचारलं.

"काय न्हाई. आसंच असतंय. खोक्यात बसावं म्हणून वाकवून देत्यात."

खोटं बोलायचा सराव नसलेल्या माणसाचं खोटं पहिल्याच पावलाला ठेचकाळतं. हरणाबाई वाकून पिशवीकडं बघत राहिल्या. मग झाकणावरच्या चित्राकडं. शाळेची पायरी न चढलेली बाई, पण डोळे होते ना.

"फोटूत तर सरळ हायती," त्या म्हणाल्या.

त्या आत गेल्या, शिडी लावून माळ्यावरून दोन खोकी काढून आणली, झाकणं बाजूला केली. एकात वाकडे पंख, दुसऱ्यात वाकडी शेपटी. त्या चटईवर बसल्या.

"म्या केलं ह्ये," त्या म्हणाल्या. "व्हय न्हवं?"

आप्पासोंना राग आला. लपवायचं कशाला, चांगलाच आला. एकही पिशवी त्यांनी स्वतः फोडली नव्हती, पोरांना कधी हात लावू दिला नव्हता, आणि घरच्याच माणसानं सगळ्यांवर दगड ठेवले. तुला कुणी सांगितलं होतं, हे शब्द अगदी दाताशी आले. ते उठून अंगणाच्या टोकाला गेले, तिथल्या लिंबाला हात टेकून उभे राहिले. तिथून गच्चीचा जिना दिसत होता. सरळसोट, कठडा नसलेला. हरणाबाई तो जिना गुडघ्यावर हात ठेवून, पायरीपायरीला थांबत चढतात.

ते परत आले. "चार दिस तिथंच ठेवल्या व्हत्यास व्हय?"

"तिथं कशा ठेवीन?" हरणाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "राती दव पडतंय, मांजरं फिरत्यात. रोज सकाळी वर न्यायची, दिस बुडायच्या आत खाली आणायची. दोन-दोन खोकी करून."

आप्पासो त्यांच्या शेजारी चटईवर बसले. राग कुठं गेला, त्यांचं त्यांना समजलं नाही. चौतीस वर्षांत या खोक्यांसाठी कुणी एवढे कष्ट घेतले नव्हते. त्यांनी स्वतःसुद्धा.

"मी येतो आप्पा," बिरदेव म्हणाला, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज शेजारच्या घरापर्यंत गेला नाही.

मग आप्पासोंनी पिशवीसकट चौकट उचलून उन्हात धरली, डोळा बारीक करून बाक कुठून सुरू होतो ते पाहिलं. चेंबटलेला मडगार्ड समोर आला की ते असंच बघायचे.

"पाणी तापीव जरा," ते म्हणाले. "उकळाय नगं. चटका बसंल एवढंच. उन्हानं वाकलंय, ऊन पाण्यानंच सरळ हुतंय का बघू."

त्या दुपारी चौतीस वर्षांनी पहिली पिशवी फुटली. ब्लेडनं पंख कापताना आप्पासोंच्या हातून एकही काप चुकला नाही. पंख गरम पाण्यात बुडवायचा, काढून दोन पाटांमध्ये दाबायचा, पाटावर वरवंटा ठेवायचा, आणि निवेपर्यंत वाट बघायची. कोऱ्या वस्तूला हात लावायला ते हात घाबरत होते. बिघडलेलं सरळ करणं त्यांना पाठ होतं. सोळा-सतरा दिवस दुपारी दोघं चटईवर बसत. चिकटवलेला भाग सुकेपर्यंत हरणाबाई तो बोटांच्या चिमटीत धरून ठेवायच्या. श्वाससुद्धा जपून घ्यायच्या. शेवटी विमान उभं राहिलं, पांढरं, चाकं थोडी लांबुळकी, शेपटी ठीक. डावा पंख तेवढा कितीही केलं तरी बोटभर खालीच राहिला.

बाकीची एकतीस खोकी आप्पासोंनी एकदा उघडून पाहिली. पाच-सहा सुधारण्यासारखी होती, बाकीच्यांचं काही होण्यासारखं नव्हतं. त्यांनी सगळी माळ्यावर परत लावून ठेवली. दुपारी एखादं खोकं काढून नकाशा मांडीवर घ्यायचं मात्र आता होईना. मनातलं विमान शेवटच्या आकड्यापर्यंत जायचंच नाही. मध्येच डोळ्यांपुढं वाकडा पंख यायचा. याची रुखरुख त्यांना लागून राहिली, पण ती त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवली नाही.

विमान टीव्हीशेजारच्या फळीवर बसलं. बिरदेव बघायला आला. चहाची बशी हातात घेऊन त्यानं चारी बाजूंनी निरखलं.

"लय झ्याक, आप्पा. पर रागावू नगं गड्या, ह्ये डाव्या अंगाला कललंय."

आप्पासोंनी चहाचा घोट घेतला. आत हरणाबाईंच्या भांड्यांचा आवाज थांबला होता.

"कललं न्हाई," आप्पासो म्हणाले. "वळतंय ते. वळताना इमानाचा एक पंख खाली जातोय. घाटातल्या वळणाला तुझी गाडी काय सरळ हुबी राहायची?"

"त्येबी खरंच की," बिरदेव म्हणाला. त्याला पटलं की नाही कोण जाणे, पण त्यानं बशी तोंडाला लावली.

संध्याकाळी सोनियाचा व्हिडिओ कॉल आला. विमान दाखवायचा हट्ट तिचाच. आप्पासोंना फोन नीट धरता येईना, म्हणून हरणाबाईंनी तो हातात घेतला आणि फळीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अय्या, झालं की खरंच!" सोनिया तिकडून ओरडली. "पण आई, ह्याचा एक पंख..."

"वळतंय ते," हरणाबाई म्हणाल्या. "तुझ्या बापानं वळतानाचंच केलंय."

आणि सगळं विमान लेकीला नीट दिसावं म्हणून त्या फोन दोन्ही हातांनी धरून, न हलता, तशाच उभ्या राहिल्या.