गरोदर असाल तर आधी सांगा

अणुसम्राटाची दाढ दुखत होती, आणि पोटात गोळा सगळ्या शहराच्या आला होता.

अणुसम्राट हे नाव त्याचं त्यानेच ठेवलेलं. लोक पाठीमागे त्याला भट्टी म्हणत. मागच्या वर्षी त्याने नुसता तळहात टेकवून नदीवरचा पूल मेणासारखा वितळवला होता. मुलांच्या चित्रकथेतून उठून आल्यासारखाच दिसायचा: जांभळा झगा, खांद्यावर शिंगं, कातडीखाली हिरवट उजेड. अशा माणसालाही अक्कलदाढ येते, तीही उशिरा, एवढं मात्र चित्रकथेत दाखवत नाहीत.

सकाळी साडेअकराला गाल धरून तो इस्पितळाच्या दातांच्या विभागात शिरला. बाकावर एकोणीस पेशंट होते. मिनिटभरात बाक रिकामा झाला, आणि ज्यांना उठवायला एरवी दोन माणसं लागत ते आजोबा जिन्यावर सगळ्यांच्या पुढे होते.

दातांच्या डॉक्टरांनी चार हातांवरून तोंड पाहिलं आणि फोटोशिवाय कुठली दाढ ते सांगता येणार नाही म्हणाले. हे खरं होतं. फोटोची खोली विभागाच्या दुसऱ्या टोकाला होती, हेही खरं होतं. दोन्हींतलं कुठलं खरं डॉक्टरांना जास्त पटलं, ते ज्याने त्याने ठरवावं.

त्या खोलीत फोटोवाली होती. नऊ वर्षं एक्स-रे काढत होती, म्हणून पेशंटांनी ठेवलेलं हे नाव. तिला यातून सुटायला एक वाक्य पुरे होतं. दारावर पाटीच होती: ‘गरोदर असाल तर फोटो काढण्याआधी सांगा.’ पाटी पेशंटांसाठी, पण नियम कामावरच्या बायकांनाही होता; सांगितलं की त्याच दिवशी नोंदणीच्या टेबलावर बदली. फोटोवालीला अकरावा आठवडा चालू होता, आणि तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

मागच्या खेपेला तिने सातव्या आठवड्यात हौसेने सगळ्यांना सांगितलं. नवव्यात सगळं संपलं. मग सांगितलेलं परत घ्यायला महिनाभर जिथेतिथे लोकांना तोंड द्यावं लागलं. शेजारीण तर तिसऱ्यांदा विचारून तिसऱ्यांदा हळहळली होती. या वेळी बारा आठवडे पुरे होईपर्यंत तोंडाला कुलूप, असं तिने ठरवलं होतं. काम ती शिशाच्या भिंतीआडून करायची. खिशात अंगावर पडलेल्या किरणांचं पेनासारखं मोजयंत्र असायचं. उजेडाकडे धरलं की आतला काटा दिसायचा. गरोदर बाईला नऊ महिने मिळून दोन रेघा चालतात. तिचा काटा आजवर शून्यावरून हलला नव्हता.

दार उघडलं, हिरवा उजेड आधी आत आला, मग तो. तिने काटा पाहिला. हलला होता.

तिचे हात सवयीने चालत राहिले. तिने त्याला शिशाचा एप्रन दिला. ज्याच्यापासून शहराला वाचवायचं, त्यालाच किरणांपासून वाचवायला निघालो आहोत, हे तिच्या ध्यानात आलं नाही, त्याच्याही नाही. त्याने निमूटपणे घातला. फिल्म दाढेखाली धरा, हलू नका, असं सांगून ती भिंतीआड पळाली आणि बटण दाबलं.

फिल्म धुतली तर कोळशासारखी काळी. यंत्राचा जोर जास्त झाला असेल म्हणून तिने तो कमी केला, पुन्हा त्याच्याजवळ जाऊन यंत्राची मान वळवली, पुन्हा पळाली. दुसरीही काळी. काटा एका रेघेवर आला होता.

“तिसरा काळा आला,” तो गाल धरून म्हणाला, “तर ही इमारत राहणार नाही.”

तो ओरडला नव्हता, म्हणूनच तिला ते खरं वाटलं. आणि त्या भीतीतच तिला उमगलं की दोष यंत्राचा नव्हेच. फिल्म हाच माणूस जाळत होता. भिंतीआडूनच तिने त्याला तसं सांगितलं. दहा आकडे मोजेपर्यंत स्वतःला विझवाल का, म्हणून विचारलं. तो म्हणाला, दुखतं म्हणून उजेड गळतो, रोखायला गेलं की दुप्पट दुखतं. मग आवाज चढला. एका फोटोसाठी आपण एवढं का सोसायचं?

तिने दाराकडे बोट दाखवलं. “पाटी वाचा, साहेब.”

त्याने वाचली. “मग? मी थोडाच गरोदर आहे?”

“पाटी आहे किरणं सोडणाऱ्याला आधी सांगायची. इथे किरणं तुम्ही सोडताय. म्हणून तुम्हाला सांगतेय.”

त्याने गालावरचा हात काढला.

“कोणाकोणाला माहीत आहे?”

“तुम्ही पहिले.”

त्याने एप्रन छातीशी घट्ट ओढला, फिल्म दाढेखाली धरली आणि डोळे मिटले. बोटांकडून सुरुवात करून उजेड विझत गेला. खुर्चीत एक घामेजलेला, टकलाकडे झुकलेला माणूस उरला. फोटोवाली आत गेली, यंत्र त्याच्या गालाशी नेलं, मोठ्याने आकडे मोजत मागे आली. चारच्या आकड्याला बटण दाबलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी त्याने दहापर्यंत उजेड सुटू दिला नाही.

दहाला उजेड परत उसळला, आणि त्या उजेडात जाऊनच तिने फिल्म आणली. फिल्म स्वच्छ निघाली. खालची डावी दाढ शेजारणीच्या अंगावर आडवी रेललेली.

ती काढायला डॉक्टरांना वीस मिनिटं लागली. बधिर केल्यावर उजेड गळायचा थांबला, आणि डॉक्टरांना धीर आला तोही तेव्हाच. अणुसम्राट तोंडात कापूस घेऊन बाहेर पडला तोवर आजोबांसकट सगळे बाकावर परतले होते. दारात थांबून, कापसातून जमेल तितक्या स्पष्टपणे तो म्हणाला, “त्या फोटोवालीला खुर्ची द्या. दोन जिवांची आहे ती.”

आणि गेला.

खुर्च्या तीन आल्या. डॉक्टर स्वतः पाणी घेऊन आले आणि कितवा म्हणून विचारलं. बाकावरच्या एकीने फोटोवालीच्या नवऱ्याच्या दुकानात फोनसुद्धा लावला होता. आता परत घ्यायचं म्हटलं तर एकोणीस पेशंट, एक विभाग आणि एक अणुसम्राट, एवढ्यांकडून घ्यावं लागणार होतं.

फोटोवालीला यातलं काही ऐकू येत नव्हतं. खिडकीशी उभी राहून ती मोजयंत्र उजेडाकडे धरत होती. काटा दीड रेघेवर होता. तिने पुसून पाहिलं, डोळा बदलून पाहिलं. दीडच. म्हणजे उरलेल्या सहा-सात महिन्यांसाठी अर्धी रेघ.

ती खुर्चीत बसली आणि कोणीतरी धरलेल्या फोनवर नवऱ्याला म्हणाली, “तू ऐकलंस ते खरं आहे. आता लगेच ये.”