सोडलेली जागा

मी एक चिंधी. हसू नका, चिंधीच बोलतेय. ब्रशने बोलावं, रंगांच्या पेटीने बोलावं, निदान कागदाने तरी. चिंधीला कोण विचारतंय? पण जलरंगाच्या टेबलावर मी नसेन तर भल्याभल्यांची भंबेरी उडते. जास्तीचं पाणी मी पिते, ब्रशचं तोंड मी पुसते, आणि रंग नको तिथे गेला तर तो ओला असेपर्यंत कागदावरून उचलते. ओला असेपर्यंतच हं. एकदा सुकला की माझ्या हातात काही नाही.

जन्माने मी पलंगावरची चादर. धुऊन धुऊन इतकी विरले की एके दिवशी काकूंचा पाय माझ्यातून आरपार गेला. त्यांनी मला टराटरा फाडलं आणि एक तुकडा मास्तरांच्या टेबलावर आणून टाकला. मास्तर म्हणजे काकूंचा नवरा. ते कुठल्या शाळेत नव्हते, पण सुट्टीच्या दिवशी त्यांच्या पुढच्या खोलीत चित्रं शिकायला माणसं जमत, म्हणून सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. माझ्याआधी त्यांच्याकडे दुकानातला कोरा करकरीत नॅपकिन होता. तो मेला पाणी पिण्याऐवजी नुसतं पुढे ढकलायचा. मास्तरांनी मला बोटांत चुरगाळून पाहिलं आणि म्हणाले, हिला पाणी कळतं. माझं एवढं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं.

शिकायला येणाऱ्यांची तऱ्हा एकच. दातांच्या डॉक्टरीणबाई यायच्या, एक बेकरीवाला यायचा, आणखी कोण कोण यायचं. कुणालाच हात आवरत नसे. आभाळ छान उतरलेलं असायचं, की यांचा ब्रश पुन्हा त्यात गेलाच, आणि आभाळाची पार वाट लागायची. मास्तर सांगून सांगून थकत. पाण्याची भांडी दोन ठेवा, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ. रंग लागेल त्याहून जास्त कालवा, अर्ध्यात संपला तर पुन्हा तोच रंग जन्मात होत नाही. फिकट आधी, गडद नंतर. एकदा हात फिरवलात की फिरवलात, अर्धवट सुकलेल्यात लुडबुड केलीत तर डाग पडणारच. आणि एवढं सगळं शहाणपण सांगणारे मास्तर स्वतः तंद्रीत ब्रश चहाच्या कपात बुचकळायचे आणि वर तोच चहा प्यायचे. काकू कपाळाला हात लावायच्या.

पांढरा रंग मात्र मास्तरांच्या पेटीत नव्हताच. पांढरं म्हणजे कागद. जिथे उजेड हवा तिथे कागद कोरा ठेवायचा, त्याला ते ‘सोडणं’ म्हणायचे. रंग लावायला कुणीही शिकतं, सोडायला छाती लागते, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरीणबाईंना ते कधीच पटलं नाही. कोरी जागा दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे.

काकूंचं चित्र मास्तरांनी फार उशिरा केलं. तोवर काकूंचं दुखणं बळावलं होतं. खिडकीत बसून त्या मास्तरांच्या शर्टाला बटण लावत होत्या आणि खिडकीतून ऊन थेट त्यांच्या गालावर आलं होतं. मास्तरांनी कागद लावलेली लाकडी फळी पुढ्यात ओढली. मी त्यांच्या डाव्या मुठीत होते. त्यांनी शर्ट केला, बोटं केली, केसांची सावली केली. गाल कोराच ठेवला. काकूंनी उठून बघितलं.

“अहो, माझा एक गाल कुठे गेला?”

“उजेडात आहे. तेवढा सोडलाय.”

“सोडलात? एवढा संसार करून आता सोडलंत होय मला?”

मास्तर हसले, आणि ब्रश माझ्यात पुसत म्हणाले, “जे सगळ्यात जास्त जपायचं ना, तेच सोडतात गं चित्रात.”

काकू पुन्हा खिडकीत जाऊन बसल्या आणि बटण पुरं केलं. पुढच्या महिन्यात त्या गेल्या.

मास्तरांनी ते चित्र फळीवरून काढलंच नाही. दुसरं काही रंगवलंही नाही. शिकायला येणारी माणसं हळूहळू यायची थांबली. रोज सकाळी मास्तर मला मुठीत धरून चित्रासमोर बसत, आणि मी आपली कोरडीच. अशी काही वर्षं गेली, मग एके दिवशी स्वयंपाकघरात ते पडले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि जीभ अशी अडकली की कुठलाही शब्द पहिल्या अक्षरापुढे सरकेना.

दूरच्या गावी नोकरी करणारी त्यांची लेक तेव्हा घरी आली, आली ती कायमची. गुणाची पोर. बापाला भरवायची, न्हाऊ घालायची, तोंडातून लाळ ओघळली की कुरकुर न करता पुसायची. चित्रकलेचा तिला गंधही नव्हता. लहानपणी या खोलीत ती फक्त शाई लवंडायला यायची, असं काकू सांगत. पण बापाचे डोळे सारखे टेबलाकडे जातात हे तिने हेरलं, आणि नुसतं बाबांचं मन रमावं म्हणून ब्रश हातात घेतला.

मास्तर तिला शिकवू लागले. कसं, ते विचारू नका. डाव्या हाताने भांडी दाखवायची, रंग कमी कालवला की मान हलवायची, ती पुन्हा रंगात शिरली की माझ्यासकट मूठ आपटायची. वर्षानुवर्षं विझलेला माणूस पुन्हा पेटला म्हणा ना. पोरीची आभाळं डागाळलेली यायची, झाडं चिखलासारखी यायची, तरी दोघं खुशीत असायची. सोडण्याचा धडा मात्र राहून गेला. तो मुठीने कसा शिकवणार?

मग ती दुपार आली. मला धुऊन, वाळवून मास्तरांच्या मांडीवर ठेवलं होतं. लेक फळीसमोर उभी राहिली आणि आईच्या चित्राकडे बघत राहिली.

“बाबा, आई गेली आणि हे तसंच राहिलं ना?”

मास्तर ताडकन सरळ झाले. “रा...” ते म्हणाले. “रा... रा...”

राहू दे. मला लख्ख कळलं. त्या दोन शब्दांसाठी म्हाताऱ्याने सगळा जीव एकवटला होता. पण लेकीला ऐकू आलं ते तिच्या मनात होतं तेच.

“हो बाबा, राहिलंय. मला कळतंय तुम्हाला किती लागतं ते. मी पूर्ण करते.”

आणि तिने केलं. भरपूर रंग कालवला, आईचा वर्ण अगदी जमेपर्यंत. फळी जराशी तिरपी केली. भरलेला ब्रश गालावर टेकवला आणि एका दमात खाली उतरवला, मागे न वळता. शिकवलेलं एकूण एक तिने पाळलं. तिचा हात तोवर इतका सुंदर फिरला नव्हता.

रंग अजून ओला होता. मी होते ना तिथे! मास्तरांनी मला उचललं, हात लांब केला, मला तिच्यापुढे धरलं. घे, टिप, अजून वेळ आहे. त्यांच्या ओठांतून लाळ गळत होती. लेकीने वळून पाहिलं आणि पटकन मला हातात घेतलं.

“थांबा बाबा, पुसते हं,” म्हणाली, आणि माझ्या टोकाने त्यांचं तोंड पुसलं.

त्यांनी मान झटकली, तिने हनुवटी धरून पुन्हा पुसलं. त्यांचे डोळे भरून आले, तिने तेही पुसले. तोवर फळीवर रंग सुकला. “आवडलं ना, बाबा?” तिने विचारलं. मास्तरांनी डावा हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

आता सुट्टीच्या दिवशी पुढच्या खोलीत पुन्हा माणसं जमतात. लेक शिकवते. विरून विरून मला भोकं पडलीत, तरी ती मला टाकत नाही. भिंतीवरचं चित्र दाखवून ती नव्या माणसांना सांगते, आईचं हे चित्र बाबांच्या हातून राहिलं होतं, मी पूर्ण केलं, तेव्हा बाबांना इतका आनंद झाला की ते रडले.

तुम्ही शिकायला आलात, तुमची नजर पुढेमागे तयार झाली, तर तो गाल तुम्हाला खटकेल. तेव्हा हात जोडून सांगते, बोलू नका. ती रोज सराव करते. परवाच तिने एका भिंतीवरचं ऊन सोडून बघितलं, बरं जमलं. मला धडकीच भरली. आणखी थोडी चांगली झाली की तिचं तिलाच कळणार आहे.

तेव्हा ती मला हातात घेईल, आणि माझ्याच्याने तो गाल पुसला जाणार नाही.