छान महत्त्वाचं

सौदीतल्या जिझानच्या रिफायनरीत रत्नाकरचा करार संपत आला होता आणि तो वाढवायचा की नाही, हे डच मॅनेजर यानसाहेबांच्या हातात होतं. रेवा दहावीला. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, वाढला नाही तर पोरीची शाळा अर्ध्यावर सुटणार. म्हणून रत्नाकरने साहेबांना घरी जेवायला बोलावलं.

थालीपीठ खाऊन साहेब "लेकर" म्हणाले. एसीखाली पाय पसरून पुन्हा "लेकर" म्हणाले, आणि गच्चीवरच्या खाऱ्या वाऱ्यालाही तेच. "क्या लेकर, पप्पा?" रेवाने हळूच विचारलं. रत्नाकरने तोवर निदान करून टाकलं होतं, की लेकर म्हणजे आपलं छान. साहेब गेल्यावर विद्या म्हणाली, "आपलं छान कुठे कुठे वापरतात, ते जरा आठवा." पण बायकोचं ऐकणारा इंजिनिअर अजून जन्माला यायचाय.

पुढच्याच बैठकीत त्याने पाइपांना कुठला रंग द्यावा यावर लांबलचक भाषण ठोकलं. साहेब शेजारच्या डच माणसाकडे बघून पुटपुटले, "लेकर बेलांगराइक." रत्नाकरने दुसरा शब्द मोबाइलवर शोधला, तर अर्थ निघाला महत्त्वाचं. म्हणजे छान महत्त्वाचं. त्या दिवशी तो तरंगतच घरी आला.

आता एवढ्या कौतुकाची परतफेड करायला नको? रियाधहून मालकमंडळी आली आणि यानसाहेबांनी त्यांच्यापुढे आपली लाडकी योजना मांडली. ती संपताच रत्नाकर उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "लेकर बेलांगराइक, सर." शेजारचा डच माणूस खोकत बाहेर पळाला. यानसाहेबांचे कान लालबुंद झाले. रत्नाकरला वाटलं, माणूस भलताच लाजाळू आहे.

करार वाढला नाही. ऑफिसातल्या उसामाने इकाम्याचा अर्ज परत सरकवला आणि "खलास" म्हणून चहा प्यायला निघून गेला. रत्नाकरचा सहकारी सिद्धार्थ रॉटरडॅमला राहून आलेला. खरा अर्थ त्याने सांगितला, तोही चाचरत.

"नुसतं लेकर म्हणजे छानच, सर. पण लेकर बेलांगराइक म्हणजे, मोठं महत्त्वाचं लागून गेलंय."

घरी येऊन रत्नाकरने विद्याला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. आतल्या खोलीत रेवा मोठ्याने धडा पाठ करत होती. त्याला फार अपराधी वाटलं. विद्याने गॅस बंद केला आणि त्याच्याकडे वळली.

"छान," ती म्हणाली.

या शब्दाचा अर्थ मात्र त्याला कुणाला विचारावा लागला नाही.