अष्टमीची हजेरी

कोलशेतच्या शाळेत खोली एक, फळा एक आणि शिकवायला प्रमोदिनीबाई एकट्या. चार कोपऱ्यांत चार इयत्ता बसत. चौथीच्या पोरींनी पहिलीकडून पाढे म्हणून घ्यायचे, तोवर बाईंनी तिसरीच्या वह्या तपासायच्या. कौलं गळत होती, नकाशा वाळवीने खाल्ला होता. तरी एकतीसपैकी एका मुलानेही शाळा सोडली नव्हती, आणि त्यांत चौदा मुली होत्या. ठाण्याच्या मोठ्या शाळांनी हे करून दाखवावं!

त्यामागे बाईंची एक चोरी होती. ओहोटी लागली की कोळ्यांच्या बायका पोरींना घेऊन खाडीच्या चिखलात कालवं वेचायला उतरत. अशा वेळी घंटा कितीही बडवली तरी कोण येणार? बाईंनी गावाकडूनच हिशेब शिकून घेतला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. मग शाळा पाण्याच्या वेळेवर भरू लागली. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी बाराला, म्हणून शाळा सकाळी सात ते नऊ, पुन्हा चार ते सहा. शाळेच्या दप्तरात मात्र दोन वर्षं रोज 'अकरा ते पाच' अशीच नोंद.

हे खोटं बाईंना टोचत होतं. शेवटी त्यांनी रीतसर अर्ज केला, की शाळेची वेळ भरतीप्रमाणे ठरवू द्यावी. नाहीतर कधीतरी बिंग फुटणार, अकराची सक्ती होणार आणि मुली घरी बसणार. पहिली बसणार ती मालू. चौथीतली ही पोर वाचायला लागली की बाई हातातलं काम विसरत.

उत्तर आलं: चौकशीला शाळा तपासणारे दिपोटीसाहेब येत आहेत, अष्टमीला, अकरा वाजता. बाई हरखल्या. साहेबांनी अकराला रिकामी खोली पाहावी, चारला भरलेली पाहावी, म्हणजे झालं. त्यांनी गावात निरोप धाडला, "साहेब येणार म्हणून काही बदलू नका. रोजच्यासारखं खाडीत जा."

गावाने 'साहेब येणार' तेवढंच मनावर घेतलं.

अष्टमीला अकराच्या ठोक्याला एकतीसच्या एकतीस मुलं हजर! डोक्याला तेल, अंगात धुतलेले कपडे. दारात मालूची आई मंजुळा लग्नघरच्यासारखी मिरवत उभी. बाई मुलांना परत पाठवायला पुढे झाल्या. पण साहेब सायकल टेकवून आत येतच होते.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी मालूला धडा वाचायला लावला, तिने तो न अडखळता वाचला. ते खूश झाले.

"काय हो बाई, अर्जात तर लिहिता की या वेळेला मुलं येतच नाहीत."

"साहेब, आज ती माझ्यासाठी आलीत."

"तुमच्यासाठी एक दिवस येतात, तर शाळेसाठी रोज का येणार नाहीत?"

"दप्तरातली वेळ खरी नाही, साहेब. मीच..."

साहेबांनी हात वर केला. "हे मी ऐकलं नाही. ऐकलं तर लिहावं लागेल, आणि लिहिलं तर तुमची नोकरी जाईल."

बाई गप्प बसल्या. त्या गप्प बसण्याची लाज त्यांना पुढे कितीतरी वर्षं पुरली.

साहेबांनी शेरा लिहिला. उणिवा: छप्पर, फळा, नकाशा. जमेची बाजू: नियमित वेळेस पूर्ण हजेरी. सबब अर्ज नामंजूर, शाळा अकरा ते पाचच भरावी, अचानक तपासणी होत राहील. सायकल गेली तशी मुलं ओरडत अंगणात पळाली.

मंजुळा आत आली. "बाय, राखली का नाय तुमची अब्रू? आख्ख्या गावातला कोन बी आज खाडीन उतरला नाय. सायबासमोर आमची बाय रिकाम्या शालेन बसल, ह्या आमाला चालाचा नाय."

"राखलीत हो," बाई म्हणाल्या. त्यांना रडू आवरत नव्हतं. या बाईवर रागावायचं तरी कसं?

"मंग उद्या कवा पाठवू मालूला? आठला?"

"अकराला. आता रोज अकरालाच."

मंजुळेने दारातून खाडीकडे पाहिलं. चिखल उघडा पडला होता. ती रागावली नाही, भांडलीही नाही. तिने मालूला हाक मारली, तिच्या हातातली शाळेची पाटी काढून घेतली, पदराने स्वच्छ पुसली आणि बाईंच्या टेबलावर ठेवली.

"दुसऱ्या कोनाला द्या, बाय. अकराला ती चिखलान असल."