तिसरा फेरा

गावच्या हॉलमध्ये रोनाने हात वर करून नाच थांबवला.

"तिसरा फेरा पुन्हा एकदा दाखवाल?"

आठही जण कुरकुरत रांगेत उभे राहिले. या फेऱ्यात बाई आपल्या जोडीदाराचा हात सोडते आणि दुसरीच्या जोडीदाराबरोबर पूर्ण वळसा घेते. पुस्तक लिहायचं म्हणून जुन्या स्कॉटिश नाचांची मुळं शोधत रोना गावोगाव हिंडली होती. असा फेरा तिला कुठेच भेटला नव्हता.

"फ्रेंच दरबारातून आला असावा," ती म्हणाली.

"दरबार कसला? आमच्या आईच्या स्वयंपाकघरातून आलाय," अकॉर्डियन मांडीवर घेऊन बसलेली इफी म्हणाली. "मीच बसवलाय तो."

सगळे हसले. नाचाच्या रांगेतून निघून चहाचे कप मांडायला लागलेली तिची धाकटी बहीण नेटा तेवढी हसली नाही.

रोना खुर्ची ओढून इफीपाशी बसली. "पण इफीबाई, हा नाच दोनशे वर्षांचा आहे असं इथे सगळेच सांगतात."

"सांगणारच. नेटानेच पसरवलंय ते. माझं लग्न ठरलं होतं, अ‍ॅलिस्टरशी. त्या उन्हाळ्यात बसवला मी हा नाच, आमच्या लग्नात नाचायला. नेटाला जोडीदार नव्हता, भिंतीला टेकून उभी राहायची बिचारी. म्हटलं, एक फेरा तिलाही मिळू दे नवरदेवाबरोबर."

"मग?"

"मग काय! उन्हाळाभर तालीम चालली. शरदात लग्न लागलं. त्या दोघांचं." इफीने भात्याचा पट्टा घट्ट केला. "नाच फुकट कशाला घालवायचा, म्हणून त्यांच्याच लग्नात झाला. वाजवायला दुसरं कुणी नव्हतं. मी वाजवलं."

रोनाची नजर दाराशेजारच्या खुंट्यांकडे गेली. अ‍ॅलिस्टरला जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्याची टोपी अजून हॉलच्या खुंटीवर होती.

नेटा चहा घेऊन आली.

"लिहा तुम्ही," ती रोनाला म्हणाली. "इफीचं नाव लिहा पुस्तकात. 'दोनशे वर्षांचा आहे' म्हणून मी सांगत राहिले, कुणी जास्त विचारू नये म्हणून. आता तो गेला. आता कशाला लपवायचं?" मग ती बहिणीकडे वळली. "इफी, तुझं तुला मिळू दे गं."

"माझं मला?" इफीने तिच्याकडे पाहिलं. नेटाच्या डोळ्यांत पाणी होतं. साठ वर्षांत ती पहिल्यांदाच हे नाव असं उघड देत होती, आणि बदल्यात माफी मागत होती तेही दिसतच होतं.

रोनाने पेन काढलं. "काय लिहू, इफीबाई?"

"लिही. नाच इफी गौर्लेने बसवला." तिने रोनाच्या पेनकडे बोट केलं. "आणि तिसरा फेरा नेटाचा. तो तिच्याच नावावर टाक. ठळक."

"इफी!"

"का? खोटं आहे?"

नेटाने कप खाली ठेवला. खुंटीवरून आपला कोट काढला, शेजारची टोपीही काढली, आणि कुणाकडे न बघता ती बाहेर पडली. दार वाऱ्याने आपटलं.

"तिच्यामागे जाऊ का मी?" रोनाने विचारलं.

इफीने अकॉर्डियनचा भाता उघडला.

"चला रे," तिने नाचणाऱ्यांना हाक मारली. "एक बाई कमी पडतेय. रोना, तू उभी राहा."