सगळ्याला हो म्हण

बुधवारी संध्याकाळी मालजा मावशी आली तेव्हा सेयॉन मुळ्याचं किमची लोणचं कापत होती. मावशीनं बूट काढले, पिशवीतून अन्न झाकायच्या प्लास्टिक फिल्मचा एक रोल काढला आणि न विचारता कपाटात ठेवून दिला. विमा विकणाऱ्या बायका घरी येताना असं काहीतरी आणतातच. सेयॉनच्या कपाटात असे नऊ रोल साठले होते.

"बस इथं. पंधरा मिनिटांचं काम आहे," मावशीनं टॅबलेट उघडला. "ही योजना महिनाअखेरीला बंद होतेय."

"मागचीही बंद होणार होती."

"झालीच ती बंद. तू विचार करत बसलीस."

सेयॉन हात पुसून बसली. चव्वेचाळीस वर्षांची ही बाई जिंजू शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करायची. टेबलाखाली तिची सहा वर्षांची मुलगी, बोमी, रंगीत खडूंची दुकानदारी मांडून बसली होती. बोमीचा बाप दूर उल्सान शहरात, दुसऱ्या संसारात. वर्षातून दोनदा त्याचा फोन यायचा. आपल्याला काही झालं तर या पोरीचं काय, हा प्रश्न सेयॉनला चार वर्षांपूर्वी इस्पितळाच्या चाकाच्या खाटेवर पडल्या पडल्या पहिल्यांदा पडला आणि मग सुटलाच नाही.

मावशीचं बोट टॅबलेटवर भराभर फिरत होतं. नाही. नाही. नाही. गेल्या पाच वर्षांत कॅन्सर, हृदयविकार, पक्षाघात... तिथंही नाही.

"मावशी, ते पोटाचं?"

"काय पोटाचं? पोटावर टाका आहे का तुझ्या?"

"तोंडातून नळी घालून काढला तरी तो कॅन्सरच होता."

"नखाएवढा तुकडा. चाळीस मिनिटांत बाहेर. मी दाराशी बसले होते, मला नको सांगू. तुझ्या तोंडाशी भोपळ्याची पेज कोणी धरली होती?"

"तेच म्हणतेय मी. तुला माहीत असताना..."

"मला माहीत आहे ना? मग झालं की. मी कंपनीचीच आहे."

चाळिशी गाठल्यावर सगळ्यांना पोटाच्या तपासणीचं बोलावणं येतं, तसं सेयॉनलाही आलं होतं. तक्रार कसलीच नव्हती. पहिल्याच तपासणीत जठराच्या आतल्या अस्तरावर फिकट डाग सापडला. त्याला आता चार वर्षं दोन महिने झाले होते.

"पाच वर्षं भरायला दहा महिने उरलेत," सेयॉन म्हणाली. "थांबू या का?"

"आणि दहा महिन्यांत नवा डाग निघाला तर? मग कोणती कंपनी दारात उभं करेल तुला?" मावशीनं टॅबलेट तिच्यापुढे सरकवला. "हे बघ, करार होऊन तीन वर्षं गेली की कंपनीला तो असा मोडता येत नाही. तीन वर्षं फक्त मरू नकोस, बाई. एवढं जमेल ना?"

"कोण मरतंय?" टेबलाखालून आवाज आला.

"डास," मावशी म्हणाली. "तू दुकान चालव."

सेयॉननं बोट ठेवलं. काचेवर तिची वेडीवाकडी सही उमटली.

"आता ऐक. उद्या हॅपी कॉल येईल. कंपनीची बाई कागदावरचं वाचून दाखवते, तुम्ही हे वाचलंत का, तुम्ही ते भरलंत का. सगळ्याला हो म्हण. मध्येच तुझं ते विज्ञान काढू नकोस. ती बिचारी दिवसाला दीडशे फोन करते."

मावशी गेल्यावर सेयॉननं फोनवर आलेली नियमांची पुस्तिका उघडली. बासष्ट पानं. एकोणिसाव्या पानावर तिला हवं ते सापडलं. एजंटला तोंडी सांगितलेलं कंपनीला सांगितलं असं धरलं जात नाही. तिनं ते वाक्य तीनदा वाचलं. कॅन्सरची गोष्ट अर्जात लपवलेली निघाली तर करार रद्द. म्हणजे मावशीचे कान हे कंपनीचे कान नव्हते. आणि डॉक्टरनं दर तपासणीला बजावलं होतं, एकदा डाग आलेल्या जठरात दुसरीकडे नवा डाग यायची शक्यता असते. काही जणांना येतो, म्हणूनच दरवर्षी नळी घालायची. म्हणजे जोखीम होती ती नेमकी याच तीन वर्षांत. ज्या काळासाठी विमा हवा, त्याच काळात तो पोकळ.

गुरुवारी सकाळपासून तिचं कामात लक्ष लागेना. फोन तराजूशेजारी पालथा ठेवला, मग सुलटा केला. नऊ वाजून वीस मिनिटांनी तो वाजला. एका बुटांच्या दुकानाची जाहिरात होती. दहाला मावशीचा संदेश, "आला का?" साडेदहाला, "आला का??" पावणेअकराला प्रश्नचिन्हं चार झाली. सेयॉननं नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मोजलं, आकडा लिहायला गेली तर मगाशी बघितलेला आकडा आठवेना. पुन्हा मोजलं. पुन्हा विसरली.

शेजारच्या टेबलावर नवीन आलेली मुलगी अहवाल भरत होती. "ताई, शिसं इथं शून्य लिहू?"

"शून्य कधी लिहायचं नाही," सेयॉन सवयीनं म्हणाली. "शून्य मोजता येतं का आपल्याला? आढळलं नाही असं लिही. आणि शेजारी यंत्राला किती बारीक दिसतं तो आकडा."

"पण अर्थ तोच ना?"

"तोच असता तर दोन रकाने कशाला ठेवले असते?"

बोलून झाल्यावर ती आपल्याच वाक्याशी थबकली. गेल्या जानेवारीतल्या तिच्या तपासणीच्या कागदावर हेच लिहिलेलं होतं. पुन्हा वाढ झाल्याचे आढळले नाही. आणि काल तिनं सही कशावर केली होती? कधी काही झालंच नाही, यावर.

अकरा वाजून सात मिनिटांनी फोन वाजला. ती हातमोजे ओरबाडून काढत बाहेरच्या जिन्यात गेली.

"नमस्कार मॅडम, अर्जाची खातरजमा करण्यासाठी फोन केलाय. संभाषण रेकॉर्ड होतंय. बोलू शकता?" बाईचा आवाज तरुण, पण थकलेला होता.

"हो."

"जन्मतारीख बरोबर आहे?"

"हो."

"अर्जावरची सही तुमचीच आहे?"

"हो."

"आरोग्याचे प्रश्न तुम्ही स्वतः वाचून त्यांची खरी उत्तरं दिलीत?"

सेयॉननं तोंड उघडलं. मावशीनं शिकवलेला शब्द जिभेवर तयार होता. जिन्याच्या खिडकीतून समोर शाळेचं पटांगण दिसत होतं. बोमीची शाळा नव्हती ती, दुसरीच कुठली तरी. तरी ती त्या पोरांमध्ये पिवळी टोपी शोधू लागली.

"मॅडम? आवाज येतोय ना? पुन्हा विचारते. आरोग्याचे प्रश्न..."

"नाही."

पलीकडे पुढचा प्रश्न वाचण्यासाठी घेतलेला श्वास तिथंच अडकला असावा. "नाही म्हणजे... आवाज येत नाही?"

"येतोय. उत्तर नाही असं आहे. मला चार वर्षांपूर्वी जठराचा कॅन्सर झाला होता. अर्जात तो नाही."

"मग मला हा अर्ज इथंच थांबवावा लागेल." टाइप केल्याचा आवाज. "उत्तरं तुमच्या एजंटनं भरली का?"

सेयॉननं जिन्याचा कठडा घट्ट धरला. "सही माझीच आहे. न वाचता बोट ठेवलं, ते बोटही माझंच. अर्ज रद्द करा. मी पुन्हा भरेन."

"बरं, मॅडम." आणि मग कागदावर नसलेलं, हळूच, "तब्येतीला जपा हं."

बारा वाजता मावशी प्रयोगशाळेच्या फाटकाशी हजर. कमरेवर हात. पिशवीत रोल नव्हता, त्यावरूनच सेयॉननं काय ते ओळखलं.

"एकच शब्द सांगितला होता तुला. एकच! पोपटाला शिकवला असता तर त्यानंही म्हटला असता."

"पोपटाला विमा मिळत नाही, मावशी."

"तुलाही नाही मिळणार आता!" मावशी बाकावर धपकन बसली. "माझ्या कमिशनसाठी केलं असं वाटतं तुला? तुझे काका आठवतात? हृदयाचा त्रास आहे असं खरं खरं लिहिलं होतं त्यांनी. सुवाच्य अक्षरात. तीन कंपन्यांची तीन नकाराची पत्रं आली. त्यांच्या श्राद्धाची भांडी ठेवते ना, त्याच कपाटात आहेत अजून. त्यानंतर मी ही नोकरी धरली. तेव्हाच ठरवलं, माझ्या माणसांपैकी कोणाला असलं पत्र येऊ द्यायचं नाही."

सेयॉन तिच्याशेजारी बसली. काकांच्या पत्रांचं तिला माहीत नव्हतं.

"आणि खोटं लिहून मी मेले असते तर चौथं पत्र आलं असतं," ती म्हणाली. "बोमीच्या नावावर. ते तूच तिला वाचून दाखवलं असतंस."

नाकावरचा चष्मा काढून मावशीनं तो कोटाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मग टॅबलेट बाहेर काढला.

"आजारी माणसांची वेगळी योजना असते. प्रश्न कमी, हप्ता जास्त, रक्कम जवळपास निम्मी. मला ती विकायला आवडत नाही. अपमान वाटतो."

"कोणाचा?"

"गप बस. काल न वाचता भरलं ना मी, आता वाचते." आणि मावशी खरंच एकेक प्रश्न मोठ्यानं वाचू लागली, शाळेतल्या पोरीसारखी, अक्षराखाली बोट धरून. कॅन्सरच्या प्रश्नापाशी तिनं वर बघितलं.

"हो," सेयॉन म्हणाली.

मावशीनं ‘हो’वर बोट ठेवलं. तारीख विचारण्याआधी स्वतःच भरली. पुढं तपासणीचा ताजा कागद जोडायचा होता, तो सेयॉननं फोनवरून पाठवला.

"आढळले नाही," मावशीनं वाचलं. "म्हणजे नाही ना?"

"म्हणजे जिथं बघितलं तिथं दिसलं नाही."

"मग असं लिहायला इथं जागा का नसते?" मावशी टॅबलेटवरच खेकसली.

त्यानंतरचे नऊ दिवस सेयॉननं काढले ते कसे तिचं तिलाच ठाऊक. कंपनीनं दोनदा आणखी कागद मागवले. ती रस्त्यानं चालताना हात पोटावर ठेवायची आणि लक्षात आलं की झटकन खिशात घालायची. दहाव्या दिवशी जिन्यात पुन्हा तोच थकलेला आवाज.

"अर्ज मंजूर आहे, मॅडम, जठराच्या आजाराला पाच वर्षं रक्कम कमी मिळेल, या अटीवर. ती तुम्हाला वाचून दाखवलेली आहे?"

"हो."

"आरोग्याचे प्रश्न तुम्ही स्वतः वाचून खरी उत्तरं दिलीत?"

"मावशीनं मोठ्यानं वाचले, मी ऐकून उत्तरं दिली. एक प्रश्न मी तिला दोनदा वाचायला लावला, कारण त्यात..."

"मॅडम," पलीकडून हसू दाबल्यासारखं आलं, "इथं फक्त हो किंवा नाही भरता येतं."

"हो," सेयॉन म्हणाली.

फोन ठेवून ती आत आली. मोजमापाचा आकडा या वेळी तिनं लगेच लिहिला. मग कोऱ्या कागदावर जानेवारीतल्या पुढच्या तपासणीची तारीख लिहिली, आणि शेजारी किती दिवस उरलेत ते मोजायला बसली.