रस्त्याची बातमी

सरपणाची मोळी उचलायला सुताराची बायको वाकली आणि साप तिच्या मनगटाला चावून गेला. सुतार तसाच पळत आबांच्या अंगणात आला. गावातला एकुलता एक ट्रॅक्टर आबांचा, आणि नुकताच आलेला टीव्हीही त्यांचाच. वीज नव्हती. म्हणून संध्याकाळी ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला जोडायची, बातम्या संपल्या की परत ट्रॅक्टरला लावायची, असा आमचा शिरस्ता.

त्या दिवशी तर अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. नव्या रस्त्याचं उद्घाटन कॅमेरावाले टिपून घेऊन गेले होते, ते आज दाखवणार होते.

"आबा, ट्रॅक्टर काढा. हिला जनावर चावलंय."

"विषारी कशावरून?" आबांनी मान वळवली नाही. "दंड आवळलास ना? मग बस घटकाभर. आपला रस्ता दाखवला की निघू. आत्ता बॅटरी सोडवली तर ही माणसं मला कच्चं खातील."

खोटं कशाला बोलू, खाल्लंच असतं. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, खाली बस, दिसत नाही." दुसरा म्हणाला, "उद्घाटनाची कमान तूच उभी केलीस ना? मग पहिला तूच दिसणार, येड्या."

सुतार जरा वेळ घराकडं बघत उभा राहिला. मग बसला. आम्हीही बसलो असतो, म्हणून त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

बातम्या देणारी बाई परमुलखातल्या कुठल्याशा राजाच्या लग्नाचं सांगत होती. ते लग्न काही आवरेना. तेवढ्यात चित्र आक्रसलं, मधोमध एक ठिपका उरला आणि तोही विझला. बॅटरी बसली होती.

आम्ही सगळ्यांनी ट्रॅक्टरला खांदा लावला. ढकलून चालू व्हायचा कधीकधी. पण तो उभा होता तिथं पावसानं नुसता रबडा झालेला, चाक जागच्या जागी रुतत गेलं. शेवटी बैलगाडी जुंपली आणि सुताराच्या बायकोला तीत निजवून तालुक्याच्या दवाखान्याकडं निघालो. नव्या रस्त्यावर गाडी छान चालली, एक धक्का बसला नाही. बाई वाटेतच गेली.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ आला. त्याच्या गावात वीज होती. रडून झाल्यावर तो म्हणाला, "दाजी, कालच तुम्हाला बघितलं हो टीव्हीवर. कमानीखाली उभे होता."

"ती होती?"

"होती ना. तुमच्या मागंच. तोंडावर हात धरून हसत होती ताई. आम्ही घरात टाळ्या वाजवत होतो."

घरात तिचा एकही फोटो नव्हता. सुतार उठला आणि तडक आबांकडं निघाला. आता हा आबांचं नरडं धरतो म्हणून आम्ही मागं धावलो. त्यानं आबांना हळू आवाजात विचारलं, "ते परत दाखवतील का हो?"

"शिळी बातमी कोण दाखवतंय?" आबा म्हणाले. मग त्यांनी बॅटरी गड्याच्या डोक्यावर दिली आणि चार्ज करून बातम्यांच्या आत परत ये म्हणून बजावलं.